पाना कितीही आवळला तरी डिझेल का पाझरतं?

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथल्या गॅरेजांना ट्रकची कमतरता नसते. रावेर-सावद्याकडची केळी भरून उत्तरेला निघालेली गाडी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, बदलायला उभी राहिली, तर घाई असतेच. माल पिकत असतो. नवे इंजेक्टर बसतात, सेल्फ मारला जातो आणि पाइपच्या नटापाशी डिझेल पाझरू लागतं. मग मोठा पाना येतो. तो बाजूला ठेवावा, असं माझं म्हणणं आहे.

आजच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनांत, डिझेलचा दाब १६०० बारच्या वर (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा), काहींत २००० बारपर्यंत जातो. मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल जागी, पाण्याचा दाब साधारण ११०० बार असतो. एवढ्या दाबापुढे टेफलॉन टेप किंवा एम-सील टिकत नाही. शिवाय टेप लावतात ती जागाच चुकीची असते, कारण नटाचे आटे डिझेल अडवत नाहीत. हाय-प्रेशर पाइपचं टोक शंकूच्या आकाराचं असतं. ते इंजेक्टरच्या खोलगट सीटमध्ये बसतं, आणि नट त्याला फक्त दाबून धरतो. पोलाद पोलादावर किंचित चेपतं, एका अरुंद वर्तुळावर घट्ट भिडतं आणि तिथे डिझेल अडतं.

अडचण इथेच सुरू होते. जुना पाइप जुन्या इंजेक्टरच्या सीटनुसार चेपलेला असतो. नव्या सीटशी तो पूर्ण वर्तुळभर जुळेलच असं नाही. म्हणूनच अनेक कंपन्या इंजेक्टरबरोबर हे पाइपही नवे टाकायला सांगतात. जास्त आवळल्यानं शंकू आणखी चेपतो, सीटवर वळ उठतो, आणि मग नवा इंजेक्टरही वाया जातो.

फटीचं गणित फार कठोर आहे. अरुंद फटीतून झिरपणारा द्रव फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: फट दुप्पट झाली की गळती आठपट. केसाच्या जाडीच्या काही अंश आकाराचा धुळीचा कण सीटवर राहिला तरी पुरतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वावरातून उठणारी धूळ गॅरेजात येतेच. त्यामुळे पाइप सुटला की त्याची दोन्ही तोंडं लगेच झाकावीत. बसवताना आधी सगळे नट हातानं फिरवावेत, पाइप सरळ बसला की इंजेक्टरचा क्लॅम्प आणि शेवटी नट, कंपनीनं दिलेल्या क्रमानं आणि टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराएवढंच आवळता येणाऱ्या पान्यानं, आवळावेत. पाइपचे मधले क्लॅम्प पुन्हा लावायला विसरू नये. ते नसले तर थरथरीनं पाइपला नटाजवळ तडा जातो.

इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वायसर डिझेलसाठी नसतोच, तो ज्वलनाचे वायू अडवतो. जुना वायसर खाली राहून त्यावर नवा बसला, तर इंजेक्टर उंच बसतो आणि भोवती काळी काजळी जमते. उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनमध्ये मात्र दाब कमी असतो. तिथली गळती बहुधा कापलेल्या ओ-रिंगची किंवा जुन्या वायसरची असते, आणि ती स्वस्तात सुटते.

गळती शोधताना चालू इंजिनावर हात फिरवू नका. बारीक झोत कातडी भेदून आत जातो. डिझेल इंजिनातलं इंधन असं शरीरात घुसल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९३७ सालीच झाली आहे. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावं. गळती शोधायला जोडाची जागा पुसून कोरडी करावी, लांबून पुठ्ठा धरावा आणि त्यावर डिझेलचा डाग उठतो का ते पाहावं. हवा काढायला सेल्फ मारत नट सैल करण्याची जुनी सवय कॉमन रेलवर अजिबात चालत नाही.

आगीचा धोकाही खरा आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो बिंदू, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ गाठतो. म्हणजे सांडलेल्या डिझेलवर पेट घेण्याजोगी वाफ तयार होऊ शकते, आणि शेजारीच तापलेला टर्बो असतो.

सर्वांत फसवी गळती बाहेर दिसतच नाही. काही इंजिनांत इंजेक्टरचे जोड टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली, असतात, आणि तिथलं डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. म्हणून काम झाल्यावर डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी लिहून ठेवावी आणि गाडी थोडी चालवून पुन्हा पाहावी. पातळी वाढलेली दिसली किंवा डिझेलचा वास आला, तर माल भरायच्या आधी कव्हर उघडावं.