लॅमिनार आणि बायोसेफ्टी कॅबिनेट: हवा कोणाला सांभाळते ते आधी बघा

लॅबमध्ये जंतूंचं काम करायच्या या दोन्ही पेट्या बाहेरून सारख्याच. स्टीलचा ओटा, काच, यूव्ही लाइट, पंख्याचा तोच घूंघूं आवाज, आणि फिल्टरही दोन्हीत हेपाच, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. म्हणून बडोद्यात मायक्रोबायोलॉजी शिकणारी आपली मुलं जी पेटी रिकामी मिळेल तिच्यासमोर बसतात न् सॅम्पल उघडतात, आणि मला काळजी वाटते ती इथेच.

आडव्या हवेच्या लॅमिनारमध्ये फिल्टर मागच्या भिंतीत असतो. स्वच्छ हवा प्लेटवरून (जंतू वाढवायची चपटी बशी) वाहते आणि सरळ तुमच्या तोंडावर येते, म्हणजे प्लेट सुरक्षित, तुम्ही नाही. मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, ओतायचाय, प्लांट टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून रोप वाढवणं, करायचंय, तर याच्यासारखं काही नाही, पावसाळ्यात इथे हवेत बुरशी एवढी असते की उघड्यावर ओतलेल्या प्लेटा चार दिवसांत कापसासारख्या होतात. फक्त फिल्टर आणि प्लेट यांच्या मधे बाटली ठेवू नका, हाताची मूठही नको.

क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये समोरून हवा आत ओढली जाते आणि पुढच्या जाळीतून खाली जाते, वरून वेगळी गाळलेली हवा प्लेटवर उतरते, आणि बाहेर जाणारी हवाही हेपातून गाळूनच जाते. तुम्ही, प्लेट, खोली, तिघंही सांभाळले जातात. पण त्या जाळीवर कोपर टेकलं किंवा वही ठेवली की सगळं बिघडलं. ओळखायचं कसं, तर पेटी चालू करून टिश्यू पेपरची बारीक पट्टी तोंडाशी धरा, आत ओढली गेली तर कॅबिनेट, तुमच्याकडे उडाली तर लॅमिनार.

आता प्रोजेक्टला विश्वामित्री नदीचं पाणी आणलंत, त्यात ड्रेनेज मिसळलेलं, आत साल्मोनेलासारखा आजार करणारा जंतू आहे की काय कोणास ठाऊक, किंवा पेशंटचा पू आहे, तर लॅमिनारमध्ये उघडूच नका. व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळलेल्या ट्यूबचं झाकण काढताना किंवा तापलेला लूप (जंतू उचलायची कडी) कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या जंतूंमध्ये, बुडवताना जे बारीक तुषार उडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि लॅमिनारची हवा ते नेमके नाकाशी आणून सोडते.

बर्नरच्या बाबतीतही जपा, कॅबिनेटमध्ये ज्योत लावली की गरम हवा वर चढून तो उतरता प्रवाह मोडते, फिल्टरलाही धोका, म्हणून तिथे डिस्पोजेबल लूप वापरा, स्ट्रीकिंगच्या, म्हणजे प्लेटवर जंतू भागाभागाने ओढत पसरवण्याच्या, प्रत्येक भागाला नवीन. हे चुकवू नका, कारण सुटी कॉलनी, म्हणजे जंतूंचा वेगळा ठिपका, मिळते ती प्रत्येक भागात बॅक्टेरिया कमी कमी होत गेल्यामुळे, आणि पहिल्या भागातलाच लूप शेवटपर्यंत फिरवलात तर कितीही भारी पेटीत बसा, प्लेटवर नुसता साय धरल्यासारखा थर येईल.