अयुथ्या

थायलंडमधील इतिहासप्रसिद्ध शहर व सयाम राज्याची जुनी राजधानी. ते बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किमी. वर, चाओ फ्राया, लोपबुरी व पासाक या नद्यांच्या संगमावर वसले आहे. पूर्वेकडील बाजू मुळात जमिनीला जोडलेली होती; तेथे खंदक खणून शहराचे बेट करण्यात आले. चार शतकांहून अधिक काळ राजधानी राहिलेले हे शहर ब्रह्मी सैन्याने एप्रिल १७६७ मध्ये जाळले. युनेस्कोने १९९१ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

‘अयुथ्या’ हे ‘अयोध्या’ या नावाचे थाई रूप आहे. राजधानीच्या औपचारिक नावात त्याच्या जोडीला ‘द्वारावती’ही येते, म्हणजे रामाची व कृष्णाची, अशा दोन्ही नगरींची नावे येथे एकत्र आली आहेत.

स्थापनेचा काळ व संस्थापकाचे मूळ हे दोन्ही प्रश्न वादाचे आहेत. नराई राजाच्या आज्ञेने १६८० च्या सुमारास रचलेली व १९०७ मध्ये सापडलेली लुआंग प्रासोत बखर स्थापनेची तिथी देते : चुळशक (इ. स. ६३८ पासून मोजला जाणारा जुना सयामी शक) ७१२, पाचव्या महिन्याची शुक्ल षष्ठी, शुक्रवार, सूर्योदयानंतर ३ नाळिका ९ पाद (जुनी कालमाने). गणिताने हा दिवस ४ मार्च १३५१ येतो आणि वारही जुळतो. चुळशकात नुसते ६३८ मिळवल्यास १३५० येते. काही ग्रंथांतील ते वर्ष बहुधा अशाच हिशेबाचे असावे. तिथी-वार जुळत असल्याने १३५१ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. मात्र याच बखरीत फनान छोएंग मंदिरातील महाबुद्धमूर्तीची नोंद चुळशक ६८६, म्हणजे १३२४ ची आहे. तेव्हा राजधानी होण्यापूर्वीच येथे नांदते गाव होते, असे मानणे भाग आहे.

संस्थापक ऊ थाँग (पहिला रामाधिपती) हा महामारीमुळे सुफानबुरीकडील ऊ थाँग नगर सोडून आला, हे थाई इतिहासकार राजपुत्र दामरोंग यांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले जाई. परंतु ते नगर त्याच्या बरेच आधी ओस पडल्याचे उत्खननांवरून दिसून आले. सतराव्या शतकातील डच व्यापारी फान फ्लीट त्याला चिनी वंशाचा म्हणतो. लोपबुरी व सुफानबुरी या दोन्ही घराण्यांशी त्याचे संबंध होते, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

बँकॉकहून साध्या आगगाडीने दीड ते दोन तासांत पोहोचता येते. हा लोहमार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. स्थानक बेटाबाहेर, पासाकच्या पूर्व तीरावर आहे. समोरच्या गल्लीतून सरळ धक्क्यावर गेले की होडी पलीकडे पोहोचवते. पुलाचा वळसा वाचतोच, शिवाय या शहरात पाण्यावरूनच शिरावे. बेट सपाट असल्याने भाड्याची सायकल सर्वांत सोयीची. बेडकाच्या तोंडासारख्या दर्शनी भागाची टुकटुक (तीनचाकी रिक्षा) देखील मिळते. उन्हाचा कडाका पाहता सकाळी लवकर निघणे बरे.

बेटावर फ्रा सी सान्फेत (राजवाड्याच्या आवारातील मंदिर, येथे भिक्षू राहत नसत), राचाबुराना व महाथात ही मंदिरे जवळजवळ आहेत. महाथातमध्ये पिंपळवर्गीय झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे मस्तक आहे. ते जमिनीलगत असल्याने त्याच्यासोबत छायाचित्र काढताना खाली बसावे लागते. बुद्धाच्या मस्तकापेक्षा आपले डोके उंच असू नये, हा तेथील संकेत आहे व तो मनापासून पाळावा. राचाबुरानाच्या तळघरातील सोने १९५७ मध्ये चोरांनी लुटले. वाचलेला ठेवा चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. तो पाहिल्याशिवाय मंदिराच्या रिकाम्या तळघराचा अर्थ लागत नाही.

छैवत्थनाराम (१६३०) हे मंदिर चाओ फ्रायाच्या पश्चिम तीरावर, बेटाबाहेर आहे. संध्याकाळी होडीने बेटाला वळसा घालताना ते नदीतून दिसते. दक्षिणेस पोर्तुगीज व जपानी वसाहतींच्या जागा आहेत. २०११ च्या महापुरात अनेक अवशेष पाण्याखाली गेले होते.

येथील रोती साई माई प्रसिद्ध आहे : म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे तंतू पातळ, मऊ पोळीत गुंडाळून खातात.