आधुनिक बेसबॉल कार्डे

अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंची छायाचित्रे असलेली, साधारण पत्त्यांच्या आकाराची (६.४ × ८.९ सेंमी.) छापील कार्डे. पाकीटबंद विकली जाणारी ही कार्डे जमवणे हा तेथील शंभर वर्षांहून जुना छंद आहे. ‘आधुनिक’ म्हणजे कोणत्या सालापासून, याबद्दल संग्राहकांत एकमत नाही. प्रस्तुत नोंदीत १९८९ पासूनची कार्डे धरली आहेत. त्यापूर्वीची कार्डे दुर्मीळ झाली ती लोकांनी फेकून दिल्यामुळे. आजची मौल्यवान कार्डे मात्र छापतानाच दुर्मीळ म्हणून छापली जातात. या छंदाचे आजचे सारे अर्थकारण याच फरकावर उभे आहे.

जुन्या काळाचे ठळक उदाहरण टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये काढलेल्या, मिकी मँटल या खेळाडूच्या कार्डाचे. त्या मालिकेची न खपलेली खोकी गोदाम मोकळे करण्यासाठी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली, असे कंपनीचे साय बर्गर सांगत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच मँटलची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. जुन्या कार्डांचे चढते भाव कानावर येऊ लागल्यावर १९८० च्या दशकातच लोकांनी कार्डे गुंतवणूक म्हणून जपायला सुरुवात केली. टॉप्सची मक्तेदारी १९८१ मध्ये संपली होती, नव्या कंपन्या बाजारात उतरल्या होत्या आणि सगळ्यांनी बेसुमार छपाई केली. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होणार कशी? १९८० च्या दशकाची अखेर आणि १९९० च्या दशकाची सुरुवात हा काळ संग्राहकांत ‘जंक वॅक्स’ म्हणजे रद्दीचा काळ म्हणूनच ओळखला जातो. त्या वर्षांतली खोकी अमेरिकेतल्या माळ्यांवर आजही पडून आहेत.

त्या ढिगाऱ्यातूनही एक कार्ड वर आले. अपर डेक या नव्या कंपनीने १९८९ मध्ये जाड कागद, मागे होलोग्राम आणि फोडले तर लगेच कळेल असे फॉइलचे पाकीट आणले, आणि पहिल्या क्रमांकाचे कार्ड केन ग्रिफी ज्युनिअर या १९ वर्षांच्या नवख्या खेळाडूला दिले. छायाचित्रात त्याच्या डोक्यावर मायनर लीगमधल्या (आपल्याकडच्या रणजीसारखी ही खालची पायरी) संघाची टोपी होती. ती रंगवून सिॲटल मॅरिनर्सची केली गेली. हे कार्ड दुर्मीळ मुळीच नाही. कार्डांची प्रत ठरवणाऱ्या पीएसए या एका संस्थेनेच त्याच्या लाखाहून अधिक प्रती तपासल्या आहेत. तरी त्याला मागणी टिकून आहे, कारण एका पिढीच्या आठवणी त्याला चिकटल्या आहेत. संख्येच्या नियमाला असा अपवाद क्वचितच सापडतो.

पहिले कार्ड. खेळाडूची पुढे कितीही कार्डे निघाली तरी पदार्पणाच्या वेळचे ‘रूकी कार्ड’ सर्वांत मोलाचे मानतात. २००६ पासून अशा कार्डांवर अधिकृत ‘आरसी’ चिन्ह छापले जाते. गुंतागुंत बोमन या टॉप्सच्याच मालिकेमुळे होते. ती मायनर लीगमधल्या होतकरू मुलांची कार्डे आधीच काढते, आणि औपचारिक व्याख्येत रूकी नसूनही बोमनचे पहिले, स्वाक्षरी असलेले कार्डच बाजारात जास्त भाव खाते. म्हणजे ग्राहक पैसे मोजतो ते बहुधा अजून एकही मोठा सामना न खेळलेल्या मुलावर.

संख्या. १९९३ मध्ये टॉप्सने ‘फायनेस्ट’ मालिकेत प्रकाशात इंद्रधनुष्यी चमकणारी ‘रिफ्रॅक्टर’ कार्डे आणली. पुढे त्यांचे रंग वाढले आणि प्रत्येक रंगाची संख्या कार्डावरच छापली जाऊ लागली. बोमन क्रोममध्ये साधारणपणे निळी १५०, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५, आणि सर्वांत वर ‘सुपरफ्रॅक्टर’ : जगात एकच. चित्र तेच, खेळाडू तोच; फरक फक्त रंगाचा आणि कोपऱ्यातल्या आकड्याचा. बाहेरच्या माणसाला हा प्रकार हास्यास्पद वाटेल, पण बाजार त्यावरच चालतो.

माइक ट्राउटचे २००९ चे सही केलेले बोमन क्रोम सुपरफ्रॅक्टर हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. ते छापले गेले तेव्हा ट्राउट नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत नुकताच एंजल्स संघाने २५ व्या क्रमांकावर निवडलेला शाळकरी खेळाडू होता. मोठ्या लीगमध्ये तो २०११ मध्ये आला, पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ मध्ये हे कार्ड सुमारे ४ लाख डॉलरना विकले गेले होते; ऑगस्ट २०२० च्या लिलावात त्याला ३९ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. शंभर वर्षांपूर्वीच्या होनस वॅग्नर कार्डाचा तोवरचा उच्चांक त्याने मोडला. पुढच्याच जानेवारीत मँटलच्या एका प्रतीने ५२ लाख डॉलर मिळवून मान परत जुन्या कार्डांकडे नेला.

सही आणि कापड. सही थेट कार्डावर केलेली असेल तर भाव जास्त. खेळाडूने चिकटपट्टीवर केलेली सही नंतर डकवली असेल तर कमी. १९९७ मध्ये अपर डेकने सामन्यात वापरलेल्या जर्सीचे तुकडे बसवलेली बेसबॉल कार्डे काढली. २०२३ पासून पदार्पण करणाऱ्या खेळाडूच्या बाहीवर खास पट्टी शिवतात आणि सामन्यानंतर ती काढून सहीसह एकाच कार्डात बसवतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा गोलंदाज पॉल स्कीन्स याचे असे कार्ड परत मिळावे म्हणून संघाने ३० वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली. कार्ड निघाले लॉस एंजेलिस भागातल्या ११ वर्षांच्या मुलाच्या पाकिटात. कुटुंबाने तिकिटे नाकारली आणि मार्च २०२५ च्या लिलावात ११ लाख १० हजार डॉलर घेतले.

प्रतवारी. पीएसए (१९९१), एसजीसी, बेकेट अशा संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यभागी असणे तपासून १० पैकी गुण देतात व ते प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. ९ आणि १० यांच्यातला फरक भिंगाशिवाय दिसत नाही, किमतीत मात्र तो अनेक पटींचा असतो. डेरेक जीटरच्या १९९३ च्या एसपी मालिकेतल्या कार्डाच्या फॉइलच्या कडा पाकिटातच खरवडत, म्हणून त्याच्या निर्दोष प्रती मोजक्याच आहेत. २०१८ मध्ये एकीला ९९ हजार डॉलर मिळाले. या व्यवस्थेवर आंधळा विश्वास ठेवू नये. पीएसएने सर्वांत आधी तपासलेले वॅग्नर कार्ड पूर्वी कडेने कापून नीटस केले होते, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये दिली.

परवाना. संघांची नावे व चिन्हे छापण्याचा हक्क २०१० पासून एकट्या टॉप्सकडे राहिला. पानिनीसारख्या कंपनीच्या कार्डांवर खेळाडू असतो, पण टोपी कोरी. त्यामुळे बरोबरीच्या कार्डालाही तिथे कमी भाव येतो. हे हक्क फॅनॅटिक्स या खेळसाहित्य विकणाऱ्या कंपनीकडे जाणार असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिने टॉप्सच विकत घेतली.

करोनाकाळात मागणी इतकी उसळली की २०२१ मध्ये पीएसएला साचलेल्या कार्डांमुळे स्वस्त सेवा थांबवावी लागली. टार्गेट या दुकानसाखळीने तर भांडणाच्या भीतीने दुकानांतली विक्रीच काही काळ बंद केली. नंतर भाव बरेच उतरले. आता महागडी खोकी अनेकजण मिळून घेतात: प्रत्येकाने एकेका संघाचे पैसे भरायचे आणि विक्रेता कॅमेऱ्यासमोर पाकिटे फोडतो. याला ‘ब्रेक’ म्हणतात, आणि जुगाराशी असलेले त्याचे साम्य लपत नाही.

जोखीम सर्वांत जास्त खेळाडूच्या नशिबाची. ब्रायन टेलर हा १९९१ च्या निवडीत पहिला होता, त्याच्या कार्डांवर उड्या पडल्या. १९९३ मध्ये मारामारीत खांदा दुखावला आणि तो मोठ्या लीगमध्ये कधीच खेळला नाही. वँडर फ्रँकोची बोमन कार्डे २०१९ पासून भावी महान खेळाडूची म्हणून विकली जात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्यावर अल्पवयीन मुलीशी संबंधांचे आरोप झाले, त्याला संघाबाहेर ठेवले गेले आणि त्या कार्डांचे भाव कोसळले.