दान्तियेन : चक्र की शेत?

चीगोंगच्या, म्हणजे श्वास, ध्यान आणि संथ हालचालींच्या चिनी साधनेच्या, वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात, ‘लक्ष बेंबीखाली ठेवा.’ ती जागा म्हणजे खालचं दान्तियेन. मधलं छातीत, वरचं भुवयांच्या मागे. षट्चक्रांची नावं लहानपणापासून कानावर असल्यामुळे आपण लगेच जोड्या लावतो : स्वाधिष्ठान, अनाहत, आज्ञा. गोंधळ सुरू होतो तो इथून.

शब्दच नीट पाहू. ‘तियेन’ म्हणजे शेत. ‘दान’ म्हणजे हिंगूळ, आणि त्यावरून अमरत्वाची गुटी. हिंगूळ तापवला की पारा सुटतो आणि पाऱ्यावर गंधकाची क्रिया केली की पुन्हा तोच लाल हिंगूळ तयार होतो. मरून परत येणारा पदार्थ, म्हणून चिनी रसायनकारांना त्याचं एवढं वेड. (आपल्या रसशास्त्रातही हिंगुळातून काढलेल्या पाऱ्याला मोठा मान आहे.) दान्तियेन हा शब्द इ.स. १६५च्या शिलालेखांत सापडतो. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात मापंही आहेत : खालचं बेंबीखाली २.४ त्सुन, वरचं भुवयांच्या मधून ३ त्सुन आत. त्सुन म्हणजे अंगठ्याची रुंदी. आजचे शिक्षक कोणी दीड सांगतात, कोणी तीन.

चीनमधल्या थांग राजवटीच्या काळात (६१८–९०७) अशा गुट्या खाऊन सम्राटही दगावले. पुढे भट्टी हळूहळू शरीरातच मांडली गेली : वीर्यसत्त्वाची ची (प्राणशक्ती) करायची, चीचं चैतन्य करायचं आणि चैतन्य शून्यात विरवायचं. दान्तियेन ही त्या पाकक्रियेची जागा. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात १८८६ची एक कोरीव शिळा आहे. तिच्यावर माणसाचं धड डोंगरदऱ्यांसारखं काढलंय. पाठीचा कणा म्हणजे डोंगरांची रांग, तळाशी रहाट चालवणारी मुलं आणि पोटात बैलाचा नांगर धरून शेत नांगरणारा माणूस. ‘शेत’ हा शब्द तिथे शब्दशः दिसतो.

चक्राशी साम्य अजिबात नाही असं नाही. तिन्ही दान्तियेनांत देवता राहतात, असं जुन्या ध्यानग्रंथांतही आहे. पण चक्रांना पाकळ्या, बीजाक्षरं आणि सुषुम्नेवरचं स्थान असतं, आणि कुंडलिनी त्यांना भेदत वर जाते. दान्तियेन भेदायचं नसतं. तिथे साठवायचं, मुरवायचं आणि पिकवायचं असतं. दोन्हींना एकच ‘ऊर्जाकेंद्र’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. ‘ऊर्जाकेंद्र’ हा शब्द मराठीत आला तोही इंग्रजीच्या वाटेने.

पण सगळ्यात मोठा बदल केला तो १९४९च्या एका निर्णयाने. हेबेई प्रांतात पोटातल्या व्रणातून या साधनेने बरा झालेला कम्युनिस्ट पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता होता. त्याच्या पुढाकाराने श्वास-ध्यानाच्या वेगवेगळ्या पद्धतींना ‘चीगोंग’ हे एकच नाव मिळालं. थांगशान आणि बेइदाइहे इथे उपचारकेंद्रं निघाली. देवता, गुटी, अमरत्व हे सारं अंधश्रद्धा म्हणून बाजूला पडलं आणि दान्तियेन उरलं ते लक्ष टिकवण्याच्या जागेपुरतं. हा निर्णय झाला नसता तर ही साधना सरकारी दवाखान्यात पोचलीच नसती, हे खरं. पण हिंगूळ आणि शेत दोन्ही काढून टाकल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या बिंदूवर पुढे कोणीही काहीही लादू शकलं, हेही तितकंच खरं.

तसंच झालं. सांस्कृतिक क्रांतीत सगळं बंद पडलं. १९७९नंतर बागाबागांतून झुंडी लोटल्या, ची उपकरणांनी मोजल्याचे दावे झाले, दान्तियेनातून हातावाटे ची सोडून रोग बरे करणारे गुरू निघाले. १९९९मध्ये फालुन गोंग या चीगोंग-पंथावर आलेल्या बंदीने आणि धरपकडीने ही लाट मोडली. त्यानंतर सरकारने मोजके व्यायामसंच मंजूर केले. त्यांतला आठ हालचालींचा संच आज सर्वांत जास्त दिसतो. तो संपतो तेव्हा दोन्ही तळवे एकावर एक ठेवून बेंबीखाली टेकवतात आणि क्षणभर तसेच उभे राहतात.