सिस्टरचं एक वाक्य मज्जारज्जूपर्यंत कसं पोचतं

‘मुंगी चावल्यासारखं होईल हं.’ पुण्यातल्या कुठल्याही वॉर्डात, रक्त घेण्याच्या खोलीत किंवा लसीकरणाच्या रांगेत हे वाक्य कानावर पडतंच. सांगणाऱ्या सिस्टरचा हेतू धीर देण्याचा असतो आणि ऐकणाराही त्याकडे तसंच बघतो. सुईत असतं ते औषध आणि सुईच्या आधी येते ती बडबड, अशी आपली विभागणी पक्की झालेली आहे. सिस्टर गोड बोलणारी निघाली तर आपलं नशीब, तुसडी निघाली तर तिचा स्वभाव. मला ही विभागणीच मान्य नाही. सुईच्या आधीचं वाक्यसुद्धा शरीरात काम करतं, आणि ते कुठे आणि कसं करतं हे आता बऱ्यापैकी तपशिलात माहीत आहे.

२०१० साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळंतपणासाठी आलेल्या १४० स्त्रियांना पाठीच्या कण्यातून भूल द्यायची होती. त्याआधी कातडी बधिर करणारं छोटं इंजेक्शन देतात. निम्म्या जणींना सांगितलं, ‘आता हा भाग बधिर करणारं औषध देतोय, म्हणजे पुढे तुम्हाला त्रास होणार नाही.’ उरलेल्यांना सांगितलं, ‘मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, सगळ्यात वाईट भाग हाच.’ इंजेक्शन दोन्ही गटांत सारखंच. नंतर वेदनेला ० ते १० मध्ये गुण द्यायला सांगितले. पहिल्या गटाचा मध्यांक ३ आला, दुसऱ्याचा ५. विचारणाऱ्या व्यक्तीला कुणाला काय सांगितलं होतं ते ठाऊक नव्हतं. तिकडची मधमाशी म्हणजे आपली मुंगीच.

यावर लोक म्हणतात, ‘हे मनाचे खेळ झाले.’ म्हणजे प्रत्यक्षात दुखतं तेवढंच, बाई फक्त जास्त सांगते. या आक्षेपाला पहिलं भक्कम उत्तर १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत मिळालं. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी वेदनाशामक म्हणून निष्क्रिय द्रव दिला. काहींचं दुखणं खरोखर कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. अफूवर्गीय औषधं पेशींवरच्या ज्या ग्राहींना चिकटतात, ते ग्राही नॅलोक्सोन अडवून धरतं. ते देताच आराम पडलेल्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. याचा अर्थ असा की केवळ अपेक्षेमुळे शरीराने स्वतःचीच अफू सोडली होती. आराम नुसता कल्पनेतला असता तर नॅलोक्सोनला अडवायला तिथे काही सापडलंच नसतं.

आता खरी गंमत, म्हणजे यंत्रणा. शाळेत आपण शिकलो की वेदना बोटाकडून मेंदूकडे जाते. ते अर्धंच आहे. बोटाकडून आलेला चेतातंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात, पश्चशृंगात, संपतो आणि तिथे पुढच्या चेतापेशीकडे संदेश सोपवतो. या सोपवण्याच्या जागेवर वरून, मेंदूकडून, खाली येणाऱ्या तंतूंचा ताबा असतो. पेठांमध्ये पाणी सोडणाऱ्या माणसासारखं हे आहे. खडकवासल्यात पाणी तितकंच असतं, पण गल्लीत किती येणार हे तो चावी किती फिरवतो यावर ठरतं. मेंदूतली ही चावी मध्यमेंदूत, ‘पेरिॲक्वेडक्टल ग्रे’ नावाच्या करड्या पट्ट्यात आहे. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या या भागाला बारीक विद्युत चेतना दिली आणि भूल न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. उंदीर शांत राहिले.

या करड्या पट्ट्यावर कपाळामागच्या मेंदूकडून, म्हणजे जिथे ‘आता काय होणार’ याचा अंदाज बांधला जातो तिथून, संदेश येतात. पट्ट्यातून ते खाली मेडुलाकडे, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेल्या मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाकडे, जातात. मेडुलात दोन प्रकारच्या पेशी सापडतात. उंदराच्या शेपटीला चटका बसला की तो ती झटकतो. झटकण्याच्या क्षणभर आधी एका प्रकारच्या पेशी एकदम पेटतात आणि दुसऱ्या प्रकारच्या गप्प होतात. पहिल्यांना ‘ऑन’ पेशी म्हणतात, दुसऱ्यांना ‘ऑफ’ पेशी. ऑन पेशी मज्जारज्जूतली वाट रुंद करतात, ऑफ पेशी अरुंद. अफूपासून मिळणारं मॉर्फीन ऑन पेशींना दाबतं आणि ऑफ पेशींवरचा लगाम काढतं. शरीराची स्वतःची अफूसुद्धा, म्हणजे १९७५ साली ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शोधलेली एन्केफॅलिनं, याच वाटेवर काम करतात.

मग भीती दाखवल्यावर दुखणं वाढतं ते कसं? ती फक्त अफूची उणीव नसते. तिथे वेगळंच रसायन येतं, कोलेसिस्टोकायनिन. पचनाचा अभ्यास केलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल, कारण जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावतं ते याच्यामुळे. हाच रेणू मेंदूत अफूच्या विरुद्ध काम करतो. इटलीत तुरिनमध्ये फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने २००६ साली निरोगी स्वयंसेवकांच्या दंडाला पट्टा आवळून वेदना निर्माण केली आणि निष्क्रिय गोळी देऊन ‘याने दुखणं वाढेल’ असं सांगितलं. दुखणं वाढलं, रक्तातलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरकही वाढलं. काहींना डायझेपाम हे धास्ती कमी करणारं औषध दिलं, तेव्हा भीती शमली आणि दोन्ही वाढी थांबल्या. काहींना प्रोग्लुमाइड दिलं. हे अल्सरवरचं जुनं औषध कोलेसिस्टोकायनिनचे ग्राही अडवतं. या गटात दुखण्याची वाढ थांबली, कॉर्टिसॉल मात्र चढलेलंच राहिलं. म्हणजे एका वाक्यातून भीती जागी होते आणि तिथून दोन फाटे फुटतात, एक तणावाच्या संप्रेरकांकडे आणि दुसरा कोलेसिस्टोकायनिनमार्गे वेदनेकडे. हे दोन फाटे दोन औषधांनी वेगळे करून दाखवणं ही मला गेल्या काही दशकांतली सर्वांत देखणी वैद्यकीय मांडणी वाटते. पुढे हॅम्बुर्गमध्ये माणसाच्या मज्जारज्जूचं स्कॅनिंग झालं. दिलासा देणाऱ्या अपेक्षेने तिथली हालचाल कमी होते हे २००९ साली दिसलं, आणि वाईट अपेक्षेने वाढते हे २०१३ साली. म्हणजे शब्दाचा परिणाम मज्जारज्जूपर्यंत खाली उतरतो.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. असं काही लिहिलं की व्हॉट्सॲपवर लगेच ‘शब्दांच्या कंपनांनी पाण्याचे स्फटिक बदलतात आणि शरीरात सत्तर टक्के पाणी आहे’ हा मजकूर फिरू लागतो. त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. काम करतो तो अर्थ. तेच वाक्य त्याच आवाजात, पण रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत म्हटलं, तर कंपनं तीच असली तरी कपाळामागच्या मेंदूला अंदाज बांधायला त्या शब्दांतून काही मिळत नाही. आणि या यंत्रणेला मर्यादा आहेत. तिने वेदना, मळमळ, धास्ती कमी-जास्त होते. गाठ विरघळत नाही, अपेंडिक्स बरं होत नाही. ‘सकारात्मक ऊर्जे’चे वर्ग घेऊन कॅन्सरच्या रुग्णांना औषधं थांबवायला लावणारे लोक गुन्हाच करत असतात.

मग सिस्टरने खोटं बोलावं का? ‘काही होणार नाही, दुखणारच नाही’? नाही, आणि यालाही पुरावा आहे. १९६४ साली बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांतल्या ४६ जणांशी भूलतज्ज्ञ आधी आणि नंतर सविस्तर बोलले. दुखणार आहे हे त्यांनी लपवलं नाही. कुठे दुखेल, किती वेळ, टाक्यांखालचे स्नायू आखडल्यामुळे का दुखतं, ते सैल कसे सोडायचे, कूस कशी बदलायची, आणि तरीही सहन झालं नाही तर औषध मागायचं, असं सगळं सांगितलं. या गटाला मॉर्फीनसारखी औषधं जवळपास निम्मी लागली आणि सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं गेलं. घरी पाठवणाऱ्या सर्जनना कोण कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं. फरक पडला तो वेदनेला कारण, मुदत आणि उपाय मिळाल्यामुळे. मधमाशीच्या वाक्यात यांतलं एकही नव्हतं, नुसतं एक भयंकर चित्र होतं.

म्हणून मला असं वाक्य हवं: ‘काका, सुई जाताना टोचल्याचं कळेल, मी पाच आकडे मोजेपर्यंतच. मूठ सैल सोडा. मध्येच काही वाटलं तर मला सांगा, मी थांबते.’ यात खोटं काही नाही. याउलट ‘काळजी करू नका’ हे आपलं आवडतं वाक्य रुग्णाचं तोंड बंद करतं. त्याला नेमकी कशाची काळजी आहे हे सिस्टरला कळतच नाही. सासवडहून आलेल्या आजीला ऑपरेशनची नव्हे, तर सुनेला किती दिवस रजा मिळेल याची धास्ती असू शकते. ‘आजी, मनात काय चाललंय?’ असं विचारून थोडं गप्प बसलं तर ते बाहेर येतं. हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ सालीच रुग्ण आणि परिचारिका यांच्या नात्याला शुश्रूषेच्या केंद्रस्थानी ठेवलं होतं. भीती ओळखल्याशिवाय तो कोलेसिस्टोकायनिनचा फाटा बंद कसा करणार?

पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत कितीतरी सिस्टर केरळमधून आलेल्या असतात. मराठी मोडकंतोडकं असतं, पण ‘आजी, आता दुखेल थोडं, मग नाही’ एवढ्यातही मुदत आणि दिशा दोन्ही येतात. अस्खलित मराठी असून ‘हलू नका म्हटलं ना!’ एवढंच ऐकवणाऱ्यापेक्षा ते मला कितीतरी शास्त्रशुद्ध वाटतं. अर्थात रात्रपाळीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरकडून आपण हे मागत असलो, तर पुरेशा जागा भरण्याचं काम आधी प्रशासनाचं आहे. सलाइन बदलायला जिला पळावं लागतं, ती पाच आकडे मोजणार कधी?

तरी एक गोष्ट आजपासून करता येईल. तुरिनच्याच गटाने छातीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना वेदनाशामकं दोन प्रकारे दिली, काहींना समोर उभं राहून सांगून आणि काहींना नकळत यंत्रातून. ट्रॅमाडॉल, केटोरोलॅक ही आपल्या वॉर्डांत रोज वापरली जाणारी औषधं त्यात होती. नकळत दिलेल्यांना वेदना निम्म्यावर आणायला जास्त औषध लागलं. आपल्या अतिदक्षता विभागांत आता कितीतरी औषधं सिरिंज पंपातून मुकाट्याने जातात. रुग्ण डोळे मिटून पडलेला असतो, पण बहुधा जागा असतो. पंप सुरू करताना ‘ताई, दुखणं कमी करणारं औषध आता सुरू केलंय, थोड्या वेळात फरक पडेल’ एवढं त्याच वेळी सांगावं, आणि पंपाची नोंद होते त्याच रकान्यात ‘रुग्णाला सांगितलं’ हीसुद्धा नोंद व्हावी.