स्वाती डोक्यावर आली की

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून लागला नसेल तर, रात्री दहाच्या सुमारास मुंबईत गच्चीवर जा आणि सरळ डोक्यावर बघा. नारिंगी झाक असलेला ठळक तारा दिसेल. ती स्वाती. मान पार मागे टाकावी लागते, कारण स्वाती मुंबईच्या जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते. याच अक्षांशावर, प्रशांत महासागराच्या मधोमध, हवाई बेटं आहेत. तिथं या ताऱ्याला होकुलेआ म्हणतात, म्हणजे आनंदाचा तारा. दक्षिणेकडून येणाऱ्या खलाशाच्या डोक्यावरून स्वाती जाऊ लागली की घराचा अक्षांश आला. वारा पूर्वेकडून येतो, म्हणून शहाणा वाटाड्या मुद्दामच बेटांच्या पूर्वेला राहून वर येतो आणि मग पश्चिमेला वळतो. बेटांच्या पश्चिमेला निघालं, तर वाऱ्याशी झगडत बसायचं.

हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई (ईस्टर बेट) या तीन टोकांमधल्या अफाट पाण्यावर पॉलिनेशियन लोक पसरले ते होकायंत्राशिवाय आणि नकाशाशिवाय. पाश्चात्त्य विद्वानांना हे पचत नव्हतं. होड्या वाहवत गेल्या आणि बेटांना लागल्या, असं 1950च्या दशकात गंभीरपणे मांडलं गेलं. पण वाहवत जाणारा माणूस बायकापोरं, डुकरं, कोंबड्या आणि लागवडीची रोपं घेऊन निघत नाही. आपण उपासाला खातो ते रताळं मूळचं अमेरिकेतलं. युरोपीय जहाजं येण्याआधी कित्येक शतकं ते पॉलिनेशियाच्या शेतांत होतं.

वाद मिटवायला 1975 साली हवाईत जुन्या घडणीची जोडहोडी (दोन होड्या शेजारी जोडून केलेली) बांधली. नाव अर्थातच होकुलेआ. होडी तयार झाली, पण ती दूर दक्षिणेच्या ताहिती बेटापर्यंत नेणारा वाटाड्या अख्ख्या हवाईत उरला नव्हता. तो सापडला पश्चिम प्रशांतातल्या मायक्रोनेशियातल्या सातावाल नावाच्या चिमुकल्या बेटावर: माउ पियाइलुग. लहानपणी आजोबा त्याला ओहोटीनंतर खडकांत साचलेल्या पाण्यात बसवून ठेवत, समुद्र अंगाला कळावा म्हणून.

1 मे 1976 रोजी होडी हवाईतल्या माउइ बेटावरून निघाली आणि सुमारे 4,000 किलोमीटर कापून 4 जूनला ताहितीत पापीतेला लागली. किनाऱ्यावर हजारो माणसं जमली होती.

मग दिशा कळते कशी? प्रत्येक तारा वर्षभर क्षितिजावरच्या एकाच जागी उगवतो. तो वर चढला की त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा. अशा ताऱ्यांची माळ पाठ असते. हवाईचे आजचे वाटाडे क्षितिजाची 32 घरं करतात. दक्षिणेकडे जाताना ध्रुव रोज खाली सरकतो आणि विषुववृत्तापाशी बुडतो. तेव्हा त्रिशंकू, म्हणजे दक्षिण आकाशातला क्रूसासारखा तारकासमूह, कामाला येतो. तो उभा असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यात जेवढं अंतर, तेवढाच खालचा तारा क्षितिजाच्या वर असेल, तर हवाईतल्या होनोलुलूचा अक्षांश.

ढगाळ रात्री लाटा. वाऱ्याने उठलेल्या वरवरच्या लाटा नव्हेत. दूरच्या वादळांतून निघालेले, दिवसेंदिवस दिशा न बदलणारे लांब हेलकावे. होडी डावीकडून उचलली जाते की मागून, हे वाटाड्या आडवा पडून अंगाने ओळखतो.

पहिल्या सफरीत खलाशांची भांडणं इतकी झाली की माउ वैतागून घरी निघून गेला. 1978 साली होडी हवाईतल्याच मोलोकाई बेटाजवळ उलटली. मदत आणायला सर्फबोर्डवरून गेलेला एडी आइकाउ परत आला नाही. त्यानंतर नैनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणाने होनोलुलूच्या तारांगणात रात्री घालवून तारे पाठ केले, आणि माउची मनधरणी केली. माउ आला.

1980च्या सफरीत नैनोआ स्वतः वाटाड्या होता, माउ नुसता बसून. एका सकाळी पक्षी दिसला. सकाळी पक्षी जमिनीकडून समुद्राकडे जातात, हा पुस्तकी नियम. म्हणून नैनोआने होडी पक्ष्याच्या उलट्या दिशेला वळवली. तेव्हा माउ बोलला: होडी फिरव, पक्ष्यामागे चल. तासाभरात बेट दिसलं. त्या पक्ष्याच्या चोचीत मासा होता. घरट्यात पिल्लं होती, आणि तो त्यांना भरवायला परत चालला होता. तारांगणात हे शिकवत नाहीत.

हवाईयन भाषा शाळांतून 1896 सालीच हद्दपार झाली होती. 1978 मध्ये ती राज्यभाषा झाली, 1984 पासून तिच्या बालवाड्या निघाल्या. सगळं श्रेय एका होडीला देणं भाबडेपणा ठरेल, पण आपले पूर्वज चुकून इथं आले नव्हते हे कळलेल्या पिढीने ते घडवलं. 2014 ते 2017 होकुलेआने जगप्रदक्षिणाही केली.

माउच्या बेटावर ही विद्या घराण्याबाहेर द्यायची नसते. त्याने ती परक्यांना दिली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. 2007 मध्ये हवाईच्या लोकांनी त्याच्यासाठी जोडहोडी बांधून ती सातावालला आणून दिली. तिचं नाव आलिंगानो माइसू. माइसू म्हणजे वादळाने झाडावरून पडलेला पिकला नीरफणस. झाड कुणाचंही असो, तो कुणीही उचलून न्यावा.