'रेल्वेचा भात' आणि खिडकीबाहेरची टोपली

थायलंडच्या रेल्वेप्रवासातल्या खाण्याविषयी बोलताना दोन वेगळी स्वयंपाकघरं एकाच नावाखाली ढकलली जातात. ते नाव म्हणजे 'खाओ पात रोतफाय', म्हणजे आगगाडीचा परतलेला भात. ऐकणाऱ्याला वाटतं, फलाटावर मिळणारा भात. खरं तर हा मूळचा गाडीतल्या डायनिंग कारमधला पदार्थ मानला जातो. त्याचा लालसर रंग कुणी आंबवलेल्या लाल टोफूने आणतं, कुणी काळ्या सोया सॉसने, कुणी सरळ केचप ओततं, आणि प्रत्येकाला आपलाच अस्सल वाटतो. रुळांशी काही संबंध नसलेली हॉटेलंही तो याच नावाने विकतात. थोडक्यात, हे नाव एक्स्प्रेसने जाणाऱ्यांच्या आठवणीतलं. तिसऱ्या वर्गातला प्रवासी खात आला तो फलाटावरच्या विक्रेत्या बाईच्या टोपलीतला चिकट भात आणि काडीला लावून भाजलेली कोंबडी.

ही टोपली टिकली ती गाडीच्या संथपणामुळे. 1890च्या दशकात बँकॉकहून अयुथ्येकडे रूळ पडले, पुढे खुन तानचा 1,352 मीटरचा बोगदा खोदून गाडी चियांग माईला पोचली. इंजिनाला लाकूड-पाणी हवं, मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला थांबणं आलंच. तेवढ्या वेळात गावाने आपापलं विकायचं. नखोन पाथोमला बांबूच्या नळीत भाजलेला नारळाच्या दुधातला भात, फेत्चबुरीला ताडाच्या गुळाचं अंड्याचं कस्टर्ड. त्या कस्टर्डवर तळलेला कांदा भुरभुरलेला असतो. गोडावर कांदा पाहून आपला माणूस दचकतो आणि दुसरा तुकडा मागतो.

टोपली हटवायला नवे डबेच पुरेसे ठरले. 2016मध्ये चिनी बनावटीचे 115 वातानुकूलित डबे रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागले. ते स्वच्छ आहेत, झोप चांगली लागते, त्यांना नावं ठेवणं अवघड आहे. पण त्यांची काच उघडत नाही. फलाटावरून वर होणाऱ्या हाताला आत वाटच नाही. प्रशासनाच्या बाजूने स्वच्छता आणि सुरक्षितता ही कारणं सांगता येतात आणि ती खोटी नाहीत. तरी हिशेबात फक्त आतला प्रवासी धरला गेला, बाहेरची बाई नाही. डायनिंग कारचा रंग त्याआधीच उतरला होता. 2014च्या जुलैत रात्रीच्या गाडीत एका रेल्वे कर्मचाऱ्याने लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून केला, त्यानंतर गाड्यांत, म्हणजे डायनिंग कारमध्येही, आणि स्टेशनांत दारूबंदी आली.

जानेवारी 2023मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या बँकॉकमधल्याच बांग सूच्या भव्य नव्या स्थानकात गेल्या. पंखेवाल्या, खिडक्या उघडणाऱ्या साध्या गाड्या हुआ लाम्फोंग या जुन्या स्थानकाच्या 1916च्या कमानीखालीच राहिल्या. टोपली शोधायची तर आता तिथून निघायचं.

खिडकीबाहेरच्या देखाव्याचंही त्या भाताच्या नावासारखंच आहे, वाटतो तसा तो सगळाच निसर्गाचा नाही. लोपबुरीकडच्या ज्या 'तरंगत्या गाडी'चे फोटो फिरतात, ती तरंगत नाही. पासाक नदीवर 1999मध्ये पूर्ण झालेल्या धरणासाठी जुना मार्ग बदलून रूळ उंचावरून नेले गेले, म्हणून दोन्हीकडे पाणी दिसतं. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की शनिवार-रविवारच्या सहलीची गाडी तिथे मुद्दाम थांबते. लोक खाली उतरतात, फोटो काढतात, शिटी झाली की पळत डब्यात चढतात.